एअर रायफलचा खरा वेग क्रोनोग्राफवर कसा मोजायचा: गोव्यातल्या ऊन-पावसासकट सगळी पद्धत

एअर रायफल नवी घेतली की माणूस पहिले काही दिवस बॉक्सवरचा आकडाच सांगत फिरतो, आमची सेकंदाला हजार फुटाची आहे म्हणून, आणि तो आकडा बहुतेक वेळा हलक्या अलॉयच्या छर्‍यावर काढलेला असतो, आपण मारतो तो शिशाचा छर्रा त्याच्या जवळपाससुद्धा जात नाही. खरा वेग पाहिजे तर क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं मशीन, लागतो. पण क्रोनोग्राफ घेऊन एक शॉट मारला, आकडा बघितला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, असं करायचं असेल तर पैसे वाया गेले समजा. त्याचा खरा उपयोग आहे तो तुमच्या रायफलचा आजचा सरासरी वेग लिहून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी तो बदलला का ते बघायचं, बाकी सगळं त्याच्यामागून.

परदेशात हे मशीन जास्त वापरतात ते घरी काडतुसं भरणारे लोक. पावडर थोडी थोडी वाढवत जातात, प्रत्येक लोडचा वेग मोजतात आणि मॅन्युअलमधल्या कमाल वेगाच्या वर आकडा जायला लागला की प्रेशर वाढलंय समजून तिथेच थांबतात. आपल्याकडे लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. पण मशीन तेच आणि मोजायची पद्धतही जवळजवळ तीच, म्हणून मी इथे ०.१७७ इंची नळीच्या एअर रायफलचं सांगतो, जी गोव्यात बर्‍याच जणांकडे आहे. २०२३ मध्ये नॅशनल गेम्स गोव्यात झाल्या, तुमच्या घरातलंही एखादं पोर आता दहा मीटरची नेमबाजी खेळत असेल.

कायद्याचं अजून एक. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी बोअर (नळीचं आतलं भोक) असेल किंवा मझल एनर्जी (नळीतून सुटतानाची ऊर्जा) २० ज्यूलच्या वर जात असेल तर एअर गनलाही लायसन्स लागतं. म्हणजे आपली रायफल २० च्या आत आहे की नाही हे दाखवणारं साधन म्हणूनही क्रोनोग्राफ कामाचा आहे, विशेषतः कोणी स्प्रिंग बदलून 'पॉवर वाढवून' दिली असेल तर. आणि हो, परसात माकडं आली, मोरांनी भात खाल्लं, तरी त्यांच्यावर रोखायची नाही ही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, एअर गन होती म्हणून कोणी सोडत नाही.

मशीन कुठलं घ्यायचं

तीन प्रकार डोक्यात ठेवा. पहिला ऑप्टिकल, जुना आणि स्वस्त: दोन सेन्सर एकामागे एक, वर पांढर्‍या प्लास्टिकच्या पट्ट्या, छर्रा वरून गेला की त्याची सावली पहिल्या सेन्सरवर पडते, मग दुसर्‍यावर, मधला वेळ मोजायचा आणि अंतराला भागायचं. दुसरा नळीच्या तोंडाला लावायचा छोटा डबा, आत इन्फ्रारेड असतं, त्याला बाहेरच्या उजेडाची फिकीर नाही, पण तो नळीला बरोबर सरळ बसला पाहिजे आणि नळीवर वजन आल्यामुळे नेम बदलतो, म्हणून वेग आणि ग्रुपिंग (छर्रे कागदावर किती जवळजवळ पडतात ते) एकाच वेळी बघता येत नाही. तिसरा डॉप्लर रडार, लॅबरडार, गार्मिन झिरो सी१ प्रो असले, बाजूला ठेवायचे आणि विसरायचं. परवडत असेल तर रडार घ्या, मी भीड ठेवत नाही, अर्धी डोकेदुखी जाते. फक्त सेटिंगमध्ये एअर गनचा किंवा कमी वेगाचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर ते छर्रा पकडतच नाही. पण बहुतेकांकडे ऑप्टिकलच असतो, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

जागा आणि मागची भिंत

दोन खांबांच्या मधली घराची मागची पडवी, नाहीतर भाटातला मांगर (बागेतली शेड), एकदम बेस्ट. छप्पर पाहिजे, का ते पुढे सांगतो. छर्रा जिथे थांबणार तिथे नुसती चिर्‍याची भिंत नको, चिरा फुटून तुकडे मागे येतात आणि शिशाचा छर्राही उलटा येऊ शकतो. लाकडी पेटीत जुने कपडे गच्च दाबून भरा, मागे जाड लोखंडी पत्रा लावा, रेती भरलेली गोण तर उत्तमच, पण गोव्यात रेती म्हटली की लोक आधी परमिट विचारतात, तेव्हा कपडेच बरे. डोळ्यांवर चष्मा सगळ्यांनी, बघायला उभं राहिलेल्यांनीसुद्धा. मागे वाट नाही, कुणाचं अंगण नाही, हे बघून घ्या. आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाजी-पावाला हात लावायचा नाही.

उजेड, इथेच सगळे अडकतात

ऑप्टिकल क्रोनोग्राफ सावली बघतो, म्हणून त्याला वरून एकसारखा पसरलेला उजेड लागतो. पांढरं ढगाळ आभाळ सगळ्यात चांगलं, त्या हिशोबाने जून महिना आयडियल, फक्त पाऊस आडवा येतो. उघड्यावर एप्रिल-मेच्या उन्हात ठेवलात तर सूर्य सरळ सेन्सरच्या भिंगात जातो आणि एक तर एरर येतो नाहीतर आकडे वेडेवाकडे येतात. आणि माडाखाली कधीच लावू नका. वार्‍याने चुडतं हलतात, त्यांची सावली सेन्सरवरून सरकते आणि मशीनला वाटतं छर्रा गेला. रायफल उचललेलीसुद्धा नसताना स्क्रीनवर आकडा आला तर वर बघा, माड असणारच.

म्हणून छप्पर. पण छपराखाली ट्यूबलाइट किंवा साधा एलईडी बल्ब लावलात की दुसरा घोळ, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला दिसत नाही पण सेन्सरला दिसतं. वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की अजूनच वाईट. उपाय सोपा आहे: १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, स्कूटरच्या नाहीतर कुठल्याही १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, सरळ डीसी असल्यामुळे फडफड नाही, आणि ती पांढर्‍या प्लास्टिकच्या पट्टीच्या वरून खाली येईल अशी बांधा. दोन्ही सेन्सरवर उजेड सारखा पाहिजे. एकावर जास्त एकावर कमी असेल तर दोन सेन्सर वेगवेगळ्या क्षणी ट्रिगर होतात आणि मशीन तुम्हाला अगदी आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देतं, एररपण दाखवत नाही. जुना पिवळा बल्बही चालतो, तो गरम तारेचा असल्याने कमी फडफडतो.

लावायचा कसा

क्रोनोग्राफ कॅमेर्‍याच्या ट्रायपॉडवर बसवा. नळीच्या तोंडापासून अर्धा ते एक मीटर पुढे, स्प्रिंगच्या रायफलला तेवढं पुरतं. पीसीपीला (आधीच दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणारी रायफल) हवेचा झोत जास्त असतो, तो पहिल्या सेन्सरला चाळवू शकतो, म्हणून दीड-दोन मीटर ठेवा. (पावडरच्या रायफलला मझल ब्लास्टमुळे तीन ते साडेचार मीटर ठेवतात, ते तिकडचं.) अंतर एकदा ठरवलं की दोरीने मोजून वहीत लिहा आणि दर वेळी तेच ठेवा, छर्रा हलका असतो, लगेच वेग गमावतो, जवळचा आकडा आणि लांबचा आकडा एकमेकांशी लावून बघण्यात अर्थ नाही.

छर्रा सेन्सरच्या वरून साधारण १० ते १५ सेंटीमीटर उंचीवरून जावा, आणि क्रोनोग्राफ छर्‍याच्या रेषेला समांतर पाहिजे. थोडा कलला तर काय होतं? पाच अंश कलला तर दोन सेन्सरमधली वाट किंचित लांब होते, आकडा सुमारे ०.४ टक्के कमी येतो, म्हणजे २४० चे २३९. फार नाही, पण सेन्सरमधलं अंतर ३० सेंटीमीटर असेल आणि ते एक मिलिमीटरने जरी चुकलं तरी ०.३ टक्क्यांची चूक आली, म्हणून घडी होणारा क्रोनोग्राफ असेल तर तो पूर्ण उघडून खट्ट लॉक झाला का ते बघा.

आता स्कोपवाल्यांनी नीट वाचा. स्कोप नळीच्या वर चारपाच सेंटीमीटर असतो. स्कोपमधून तुम्हाला सेन्सरच्या वरची मोकळी जागा दिसते, क्रॉस मस्त मधोमध दिसतो, आणि नळी मात्र त्याच्याखाली सरळ डिस्प्लेवर रोखलेली असते. क्रोनोग्राफ मरतात ते असेच. म्हणून पहिल्या शॉटच्या आधी रायफल रिकामी, टेकूवर ठेवून, बाजूला जाऊन नळीच्या रेषेत डोळ्याने बघा, किंवा नळीला चिकटवून एक सरळ काठी पुढे धरा, ती पट्ट्यांच्या मधून वर जाते का ते बघा आणि काठी काढून ठेवा. मागच्या पेटीवर कागद लावून त्यावर टिकली काढा, सगळे शॉट त्याच टिकलीवर मारायचे, म्हणजे वाट दर वेळी एकच राहते. मारायला जाडसर वाळूची उशी टेकू म्हणून, आणि शॉट घेणार्‍याशिवाय क्रोनोग्राफजवळ कोणी नाही. आकडा वाचायला पुढे जायचं असेल तर रायफल उघडून रिकामी दिसली पाहिजे.

ब्रेक-बॅरलवाल्यांनी (नळी खाली मोडून उघडायची रायफल) छर्रा घालताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवावी, ट्रिगर घसरला आणि नळी वर आपटली तर बोट जातं.

छर्‍याचं वजन

एनर्जी काढायची तर वजन पाहिजे, आणि डब्यावर लिहिलेलं असतं ते सरासरी. बाजारात मिळणारा छोटा पॉकेट काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, एक छर्रा त्यावर तोलला तर चूक दोन टक्क्यांपर्यंत जाईल. त्यापेक्षा ५० छर्रे एकदम तोला आणि भागा. ५० चे २७.३५ ग्रॅम आले तर एक ०.५४७ ग्रॅमचा, म्हणजे ८.४४ ग्रेन. ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर एकेक तोलून बघा, डब्यातले छर्रे किती सारखे आहेत ते तिथे कळतं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर शिशावर पांढरी पूड धरते, तसले छर्रे मोजायला नको. एक चांगला डबा फक्त मोजणीसाठी वेगळा ठेवा, झाकणाला टेप लावून, आत सिलिका जेलची पुडी टाकून. रायफल बदलली की छर्रा बदलला हा वाद मग होत नाही.

मारायचं

पहिले पाच-सहा शॉट मोजणीत धरायचे नाहीत, सील आणि ग्रीस जरा हलू दे. नुकतं ऑइलिंग केलेलं असेल तर तर मुळीच नाही: स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टनपुढे तेल राहिलं की दाबाने ते पेटतं, त्याला डिझेलिंग म्हणतात, नळीतून धूर आणि जळका वास येतो आणि वेग वीस-तीस मीटरने उड्या मारतो. ज्याला तेल घालून 'पॉवर वाढली' वाटते त्याची वाढलेली पॉवर हीच, आणि सील जळतं ते वेगळं.

मग दहा शॉट. एकाच लयीत, छर्रा प्रत्येक वेळी तितकाच आत बसवून. एरर आला तर तो शॉट सोडा, पण आकडा 'आवडला नाही' म्हणून खोडायचा नाही. बाजूला तारीख, वेळ, तापमान, छर्‍याचा डबा, अंतर हे सगळं. मीटर प्रति सेकंद की फूट हेही लिहा, मशीनचं बटण चुकून दाबलं जातं आणि नंतर वहीत २४० च्या खाली ७८७ दिसतं.

समजा आकडे असे आले: २३८, २४१, २३९, २४०, २३७, २४०, २४२, २३९, २३८, २४१. बेरीज २३९५, सरासरी २३९.५. सगळ्यात मोठा उणे सगळ्यात छोटा, २४२ वजा २३७, ५, याला ईएस म्हणतात, एक्स्ट्रीम स्प्रेड. एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते. तो काढायला प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब ते बघा, त्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज २२.५ येते, नऊने भागा (दहाने नाही, नमुना आहे म्हणून एक कमी), २.५, वर्गमूळ १.६. बरीच मशीनं हे आपोआप देतात, पण एकदा हाताने करून बघा.

आता एनर्जी. वजन किलोत अर्धं करून वेगाच्या वर्गाने गुणा: ०.००० ५४७ चं अर्धं गुणिले २३९.५ चा वर्ग, १५.७ ज्यूल. २० च्या आत, छान. याच छर्‍याला २० ची रेषा २७० मीटरला येते, म्हणजे ८८६ फूट. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेगात एक टक्का चूक असेल तर एनर्जीत दोन टक्के होते, तेव्हा १९.८ ज्यूल आले म्हणून निश्चिंत राहू नका, आणि हलके-जड दोन्ही छर्रे मोजा, कारण एनर्जी छर्‍याप्रमाणे बदलते. दहा मीटरची मॅच रायफल याच्या खूप खाली असते, ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटरने म्हणजे ७.७ ज्यूल.

आकड्यांवर विश्वास किती

हा भाग लोक टाळतात. दहा शॉटची सरासरी बर्‍यापैकी पक्की असते, वरच्या उदाहरणात तिची अनिश्चितता अर्धा मीटर. पण एसडी पक्का नसतो. दहा शॉटवर १.६ आला तर खरा एसडी १.१ ते २.९ मध्ये कुठेही असू शकतो, पाच शॉटवर तर विचारूच नका, जवळजवळ तिप्पटही निघू शकतो. त्यामुळे 'या छर्‍याचा एसडी १.६, त्याचा २.२, म्हणून हा भारी' असा वाद घालणार्‍याला चहा पाजा आणि घरी पाठवा. छर्रा निवडायचा तो कागदावरच्या ग्रुपवर.

वेगाच्या फरकाने कागदावर होतं तरी किती? दहा मीटरला १७० ने गेलेला छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, १७५ ने गेलेला १६. पाच मीटर प्रति सेकंदाच्या फरकाला एक मिलिमीटर. मॅच कार्डावर दहाची टिकली अर्ध्या मिलिमीटरची, तेव्हा मॅच खेळणार्‍याला हे लागतं. परसात डबे उडवणार्‍याला नाही.

रायफलचं दुखणं ओळखणं

दर सहा महिन्यांनी तोच डबा, तेच अंतर, तीच जागा, जमल्यास तेच तापमान, म्हणजे एकदा डिसेंबरात सकाळी आणि एकदा मेमध्ये असं करू नका, किंवा केलंत तर दोन वेगळ्या मालिका धरा. सरासरी हळूहळू उतरत असेल तर स्प्रिंग बसत चालली आहे किंवा पिस्टन सील झिजलंय. एकदम पडली असेल तर आधी नळीच्या बुडाचं ओ-रिंग (रबरी कडं) बघा: टिश्यू पेपरची बारीक पट्टी जोडाजवळ ठेवा, बोटं लांब, मागच्या पेटीत शॉट मारा, पट्टी उडाली तर हवा तिथून जाते, दहा रुपयाचं रिंग बदललं की काम झालं. कॉक करताना (स्प्रिंग दाबून चढवताना) करकर आवाज येत असेल तर स्प्रिंग तुटली असेल, ती घरी उघडू नका, दाबलेली स्प्रिंग, ती दाबून धरायच्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय, बाहेर येताना माणसाला लागते. सरासरी ठीक पण ईएस मोठा असेल तर बहुतेक वेळा छर्रे, कधी सैल कधी घट्ट बसतात.

पीसीपी असेल तर एक लांब मालिका मारा, दर पाच शॉटला गेज वाचत. रेग्युलेटर (प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) नसलेल्या रायफलमध्ये पूर्ण दाबाला व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, वेग कमी, मग वाढतो, मग परत उतरतो. समजा दाब २०० बार असताना २३२, १७० ला २४०, १३० ला २४१, ११० ला २३३ आले, तर २०० भरायचंच नाही, १७० भरा आणि १३० ला थांबा. रेग्युलेटर असेल तर वेग सपाट राहतो आणि एका ठिकाणी कोसळतो, ते ठिकाण गेजवर मार्करने खूण करून ठेवा. रात्रभर ठेवलेल्या रायफलचा पहिला शॉट नेहमी जास्त येत असेल तर रेग्युलेटर सरकतोय, म्हणजे दाब हळूहळू वाढू देतोय. आपल्याकडच्या दमट हवेत हँड पंपाने भरलं तर सिलिंडरमध्ये पाणी जातं, पंपाचं ड्रायर वेळेवर बदला, किंवा स्कूबावाल्यांच्या कॉम्प्रेसरची गाळलेली कोरडी हवा घ्या. ऑक्सिजन कधीच भरायचा नाही, तेलाला लागला की स्फोट होतो.

काम झालं की क्रोनोग्राफची बॅटरी काढा, सेन्सरच्या खोबणीतली धूळ फुंकून नाही तर मऊ ब्रशने झाडा, फुंकलं की थुंकीचे थेंब भिंगावर जातात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो कपाटात नको, भिंगावर बुरशी धरते, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत टाका.